बोरिंगजवळचा चिखल

भिंगरी हे पाखरू जमिनीवर उतरतं ते जवळजवळ चिखलापुरतंच. खाणं हवेत, पाणी पिणं उडता उडता, विसावा तारेवर. पाय इतके तोकडे की चार पावलं टाकायची तरी तिची ओढाताण होते. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमारास मोठीमायच्या घरासमोरच्या कोरड्या सिमेंटवर एक भिंगरी उतरलेली दिसली, तेव्हा मी बाजेवर उठून बसले.

कमरेवर तांबूस पट्टा, शेपटी दुभागलेली. लाल बुडाची भिंगरी. सिमेंटच्या कडेकडेनं ती सरकली, एका भेगेत चोच घातली, थांबली. मग दुसऱ्या भेगेत. भेगांमध्ये नुसती धूळ होती. ती उडाली, घरावरून एक फेरी मारली आणि पुन्हा त्याच जागी उतरली. असं तिनं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी तिचा जोडीदारही आला. दोघंही त्या पांढऱ्याफटक सिमेंटवर पंख थोडे उचलून उभी होती. ओल्या चिखलात उतरल्यावर पंख भरू नयेत म्हणून उचलावेत ना, अगदी तसे.

मी मोठीमायला हाक मारली. ती आतून हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "तेथची बोरिंग होती ना वो, तिथला चिखल नेत होती थे. आता नळ आले, बोरिंग काढली, वरून सिमेंट झालं. कोठून आणीन थे आता?"

खरं तर मी या गावाला येणारच नव्हते. निघाले होते नवेगावबांधला. नागपूरहून एसटीनं (महिलांना अर्धं तिकीट, त्याचा आनंद मला अजूनही दर वेळी होतो) वैनगंगा ओलांडून साकोली, तिथून पुढे. नवेगावबांधला दोन रात्री काढल्या. तलाव देखणा आहे, पण शनिवार-रविवारी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गाड्या लावून लोक इतक्या मोठ्यानं गाणी वाजवतात की पाखरांचा आवाज शोधावा लागतो. खोलीतल्या कूलरला पाणी नव्हतं. सोमवारी सकाळी बॅग उचलली आणि आईच्या या चुलतबहिणीकडे आले. झिंग्यांची चटणी, गरम भात आणि छपरीत टाकलेली बाज. दोन दिवस मी त्या बाजेवरून फारशी हललेच नाही.

कारण डोक्यावर, छपरीच्या स्लॅबला, कोपऱ्यात घरटं होतं. होतं म्हणजे अर्धं होतं. या भिंगरीचं घरटं पुरं झालं की आडव्या सुरईसारखं दिसतं. छताला चिकटलेला गोल पोटाचा भाग आणि त्याला नळीसारखं लांबट तोंड. मला दिसत होता तो फक्त तळाचा फुटका वाडगा. जवळून पाहिलं तर चिखलाचा एकेक गोळा वेगळा ओळखू येतो. ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठा, एकाला एक टेकवलेला. चोचीत मावेल तेवढा एक गोळा आणायचा, लावायचा, पुन्हा जायचं. एका घरट्याला असे शेकडो गोळे लागतात. शिवाय सलग लावून चालत नाही, खालचा थर वाळला नाही तर सगळं वजनानं खाली येतं. म्हणून सकाळी काम, मग थांबायचं. चिखल हाताशी असेल तर आठ-दहा दिवसांत घरटं उभं राहतं, लांब असेल तर जास्त दिवस. नर-मादी दोघंही खपतात. अंडी तीन-चार, आणि सगळं नीट राहिलं तर पुढच्या वर्षी डागडुजी करून तेच घरटं पुन्हा वापरतात.

मोठीमायच्या या घरी आधी कवेलू होते. स्लॅब पडल्यावरच ही जोडी आली, असं ती सांगते. मी त्याचा विचार करत राहिले. सिमेंटनंच भिंगरीला सपाट, सावलीचं, पावसापासून सुरक्षित छत दिलं. कड्याकपारीत राहणारं हे पाखरू पुलांखाली, मोऱ्यांत, माणसांच्या छपरीत आलं ते यामुळेच. आणि आता त्याच सिमेंटनं चाळीस पावलांवरचा चिखल झाकून टाकला. छत आहे, माती नाही.

मला राग आला. गावातली एकेक गल्ली सिमेंटची करून टाकायची, पाणी मुरायला बोटभर जागा ठेवायची नाही, याला विकास म्हणतात. मी तसं मोठीमायला बोलूनही दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले त्या चिखलाचं नाव नको काढू. हात मोडला होता माहा तिथं." मनगट पुढे करून दाखवलं. भरलेली घागर घेऊन घसरली होती, दीड महिना हात गळ्यात. मी गप्प झाले. त्या चिखलातून पंचवीस वर्षं पाणी आणलं होतं तिनं, मी नव्हे.

जोडी मग तलावाकडे जाऊ लागली. गावाच्या खालच्या अंगाला एक जुना मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे, कोहळी लोकांनी बांधलेल्या शेकडो तलावांपैकी एक. एप्रिलात पाणी मध्यभागी गेलेलं, काठाला वितभर रुंदीच्या भेगा आणि त्यापुढे ओल्या गाळाची पट्टी. मी घड्याळ लावून बसले. एक खेप अकरा मिनिटांची, पुढची चौदा. नऊ वाजून गेले, ऊन चढलं, आणि तोवर वाडग्याच्या कडेला सात गोळे वाढले होते. सात.

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर गेले तर विजेच्या तारेवर माळभिंगऱ्या दाटीनं बसलेल्या. कपाळ-गळा विटकरी, पाठ निळी-काळी. या आपल्याकडच्या पाहुण्या. पावसाळा सरता सरता उतरतात, हिवाळाभर धानाच्या बांध्यांवरून किडे टिपत फिरतात आणि उन्हाळा तापू लागला की परततात. हिमालयात, मध्य आशियात, त्याच्याही पुढे. वजन जेमतेम २० ग्रॅम. त्यांचं घरटं उघड्या वाटीसारखं, तेही चिखलाचंच, पण तो चिखल तिकडचा. इथं त्या एक गोळाही उचलत नाहीत.

युरोपात शेकडो वर्षं लोक मानत होते की भिंगऱ्या हिवाळ्यात कुठं जात नाहीत, तळ्याच्या तळाशी गाळात झोपून राहतात. ओलाउस माग्नुस नावाच्या स्वीडिश धर्मगुरूनं १५५५ मध्ये लिहून ठेवलंय की कोळ्यांच्या जाळ्यात भिंगऱ्यांचे गुच्छच्या गुच्छ येतात. मे १९११ मध्ये इंग्लंडमधल्या एका वकिलानं आपल्या घरच्या माळभिंगरीच्या पायात कडी घातली आणि डिसेंबर १९१२ मध्ये तीच भिंगरी थेट दक्षिण आफ्रिकेत सापडली. आमच्या आज्या-पणज्यांना मात्र त्या हिवाळाभर बांध्यांवर दिसतच होत्या. त्या पाळीवर उभं राहून मला वाटत होतं, भिंगरी आणि चिखल यांची गाठ त्या लोकांनी बरोबर ओळखली होती. फक्त ऋतू चुकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बायकांच्या आवाजानं जाग आली. बाहेर आले तर मोठीमाय न्हाणीच्या मागं फावडं घेऊन उभी. न्हाणीचं पाणी सिमेंटच्या नालीत जात होतं, तिथं तिनं एक वीट आडवी टाकली होती आणि पाणी केळीच्या बुडाकडे वळवलं होतं. कोणाचा पाय पडणार नाही अशी जागा. परातीएवढा चिखल झाला होता. मी काही बोलले नाही, तीही नाही. मी दोन बादल्या पाणी आणखी ओतलं.

त्या दिवशी जोडी तलावाकडेच गेली. तिसऱ्या दिवशीही. केळीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझी साकोलीची गाडी साडेदहाची होती. बॅग खांद्याला लावून मी परसात अखेरचं डोकावले, तर चिखलात कोंबडीच्या पायांचे ठसे तेवढे उमटलेले.

नागपूरला येऊन बारा दिवस झाले. परीक्षेचे पेपर तपासत बसले होते, तर मोठीमायचा फोन. आधी आंब्याचं विचारलं, मग आईच्या गुडघ्याचं. मग म्हणाली, "तोंड झालं वो तिच्या खोप्याले. केळीखालचाच चिखल नेला पुरा आठवडाभर."

मी विचारलं, आत जाते का.

"जाते म्हंजे? आज सकाळी कोंबडीचं पीस घेऊन शिरली. पांढरं, एवढं लांब. अर्धं बाहेरच लोंबत होतं."