यानाकोचाच्या धुक्यातला तलवारचोच्या

इक्वेडोरची राजधानी किटोपासून जवळच, पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावरील यानाकोचा राखीव जंगलात आज सकाळी तासभर धुक्यात उभा राहिल्यावर, ज्याच्यासाठी इतक्या दूर आलो होतो तो तलवारीसारख्या चोचीचा हमिंगबर्ड अखेर दिसला. जेमतेम 10 ते 15 ग्रॅम वजनाच्या या पक्ष्याची चोच शेपटी वगळता उरलेल्या शरीरापेक्षा लांब असते आणि जगातल्या दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याबाबत असे म्हणता येत नाही.

फांदीवर बसताना त्याने चोच आभाळाकडे रोखून धरली होती. पिसे साफ करायला ती कामाची नसल्यामुळे तो पायानेच मान खाजवत राहिला. व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंतच्या अँडीज पर्वतात राहणारा हा पक्षी लांब नळीच्या, खाली लोंबणाऱ्या फुलांतला मकरंद पितो. पासिफ्लोरा मिक्स्टा ही आपल्या कृष्णकमळाच्या कुळातली वेल तर परागीभवनासाठी बहुतांशी त्याच्यावरच विसंबून आहे. माझ्यासमोर तो एका गुलाबी फुलाखाली आला, हवेत स्थिर झाला, चोच वर करून मुळापर्यंत आत घातली आणि मग तसाच मागे सरकत बाहेर आला. मी श्वास रोखून पाहत होतो.

आपल्याकडे शिंजिरालाही अनेकजण हौसेने हमिंगबर्ड म्हणतात, पण खरे हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आढळतात. शिंजीर बहुतेक वेळा फुलाशेजारी बसून मकरंद पितो; हा मात्र फुलाला पाय न लावता पीत होता. दहा मिनिटांनी तो पुन्हा त्याच वेलीवर आला.