मला शिकवू नका, माणूस द्या

पुण्यातल्या एका इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या संस्थेत, मी कार्यक्रम आखण्याचं आणि चालवण्याचं काम करते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही एक नवा कार्यक्रम बांधायला घेतला होता, आधी एखादी कंपनी उभी केलेल्या फाउंडरांसाठी. मग ती कंपनी विकलेली असो, बंद पडलेली असो, नाहीतर अजून चालू असो. त्या आखणीतला एक दिवस इथे लिहिते आहे. ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांनी आधी वाचून होकार दिलाय, आणि ओळख पटेल असे तपशील मी गाळलेत.

आमचा नेहमीचा कार्यक्रम तीन महिन्यांचा. हा साचा २००५ मध्ये अमेरिकेत वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या संस्थेने रुजवला आणि मग जगभर पसरला. एकदम एक बॅच घ्यायची, तीन महिने कसून काम करून घ्यायचं आणि शेवटी डेमो डेला गुंतवणूकदारांसमोर उभं करायचं. पहिल्यांदा कंपनी काढणाऱ्या मुलामुलींना तो लागू पडतो. पण वीस वर्षं कारखाना चालवलेला माणूस ‘आपला ग्राहक कसा ओळखावा’ या सत्राला सौजन्य म्हणून येऊन बसतो आणि तिसऱ्या आठवड्यापासून फिरकत नाही. मग रजिस्टरमध्ये गैरहजेरी लागते, वर्षअखेरच्या अहवालात ‘सहभाग कमी’ असा शेरा पडतो, आणि त्या माणसाला नेमकं काय हवं होतं हे कोणी विचारतच नाही.

म्हणून त्या दिवशी पिच, म्हणजे कल्पना पटवून द्यायचं सादरीकरण, ठेवलंच नाही. तिघांना बोलावलं, प्रत्येकाला निवांत दोन तास दिले. टेबलाभोवती माझ्याबरोबर कंपनी कायद्याच्या कागदपत्रांचं काम बघणारे एक ज्येष्ठ कंपनी सेक्रेटरी (सीएस), वैद्यकीय उपकरणांच्या परवान्यांचं काम करणाऱ्या एक सल्लागार बाई, आणि ज्यांच्या सीएसआर निधीतून, म्हणजे सामाजिक कामासाठी कंपनीने बाजूला काढलेल्या पैशातून, मदत येणार होती त्या कंपनीचे प्रतिनिधी. प्रश्न दोनच होते: येत्या तीन महिन्यांत तुमचं काय अडलंय, आणि आमच्याकडून काय अजिबात नको.

पहिले आले ते भोसरीचे. वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना त्यांनी विकला, टूलरूम, म्हणजे साचे आणि अवजारं बनवायची जागा, मात्र स्वतःकडे ठेवली. आता ते सिरिंज पंप बनवताहेत, म्हणजे आयसीयूत औषध ठरलेल्या वेगाने थेंबथेंब सोडणारं यंत्र. पिशवीतून त्यांनी यंत्राचा स्क्रू काढला, टेबलावर ठेवला आणि नखाने एकेक आटा दाखवत सांगितलं, की इथे जराशी ढिलाई राहिली तर रुग्णाला औषध धक्क्याधक्क्याने जातं. सल्लागार बाईंनी तो हातात घेऊन बघितला आणि विचारलं, “आणि हे लिहिलंय कुठे?” कारण हे उपकरण आपल्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार क वर्गात, म्हणजे इंग्रजी ‘सी’मध्ये येतं. त्याचा उत्पादन परवाना केंद्राकडून घ्यावा लागतो. यंत्र कितीही चोख असलं, तरी कुठला धोका ओळखला, तो कसा कमी केला, कशाने तपासला याची फाइल नसेल तर गाडी पुढे सरकत नाही.

भोसरीच्या सरांनी खिशातली डायरी काढली. आकडे होते, आकृत्या होत्या, पण सगळं त्यांच्या एकट्यापुरतं. बाई आयएसओ १४९७१, म्हणजे उपकरणातले धोके हाताळण्याचं मानक, समजावून सांगायला लागल्या तेव्हा त्यांनी हात जोडले.

“मॅडम, हे मला शिकवू नका, माणूस द्या. मी सांगतो, तो लिहील.”

आमच्या आराखड्यात परवान्यांवर सत्रांची मालिका ठेवली होती. सरांच्या नावापुढून ती तिथल्या तिथे काढली आणि त्या पैशात आठवड्यातले दोन दिवस त्यांच्या टूलरूममध्ये बसून फाइल लिहिणारी एक इंजिनिअर देण्याचं ठरलं. वर सरांनी आपणहून टूलरूममध्ये आमच्या नव्या पोरांना मशीनवर वेळ देऊ केला.

दुसरीचं काम लवकर झालं. तिची आधीची सॉफ्टवेअर कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली होती. आता ती द्राक्षबागेतल्या डाऊनी आणि भुरी या रोगांचा अंदाज देणारी सेन्सरची यंत्रणा करतेय. तिला पैसे नको होते, मेंटरही नको होते. निफाड-दिंडोरीकडचे, ऑक्टोबर छाटणीच्या आधी सेन्सर लावू देतील असे बागायतदार हवे होते. आमची बॅच सुरू व्हायची जानेवारीत. “जानेवारीत येऊन मी काय करू? तोवर घड तयार झालेले असतात. माझं अख्खं वर्ष जाईल,” ती म्हणाली. बरोबरच होतं. कार्यक्रमाची तारीख बागेच्या वेळापत्रकावरून ठरायला हवी. ओळखी करून द्यायचं काम मी अंगावर घेतलं आणि बाकीचे महिने तिला फोन करायचा नाही, असंही ठरलं.

तिसऱ्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय.

चाळिशीचा माणूस. डबे पोचवण्याची त्याची कंपनी चार वर्षं चालली, मग गुंतवणूक आटली आणि २०२३ मध्ये काम थांबलं. नवी कल्पना पक्की होती आणि पहिला ग्राहकही ठरला होता. काय अडलंय विचारलं तर म्हणाला, काहीच नाही. काय नको विचारलं तर लगेच म्हणाला, “डेमो डे नको. मला स्टेजवर उभं करू नका.” त्यावर कोणी काही विचारलं नाही आणि ते बरंच झालं. मग सीएस सरांनी सहज विचारावं तसं विचारलं, “जुनी कंपनी रीतसर बंद केलीत ना?”

“कामकाज बंद केलं. कागदोपत्री आहे अजून.”

“रिटर्न्स?”

दोन वर्षांची गेलेली नव्हती. सरांनी विषयपत्रिकेचा कागद उलटा केला आणि मागे हिशेब मांडला. वर्षाला दोन फॉर्म, हिशेबांचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७. उशिराला दर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. दोन वर्षांचे चार फॉर्म धरून रक्कम पावणेदोन-दोन लाखांच्या घरात जात होती. खाली त्यांनी एक ओळ लिहून तिच्याभोवती चौकट काढली: कंपनी कायदा, कलम १६४(२). सलग तीन आर्थिक वर्षांचे हिशेब किंवा वार्षिक विवरण भरलं नाही, तर त्या कंपनीच्या संचालकाला पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही कंपनीत संचालक होता येत नाही. तिसऱ्या वर्षाची मुदत ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपत होती.

त्याने कागद स्वतःकडे ओढला. “मग नव्या कंपनीत बायकोचं नाव टाकू का?”

“अहो, वहिनींना कशाला यात ओढता? अजून वेळ आहे. कागद कुठे आहेत?”

त्याने फोन काढला. मेलमध्ये ‘नंतर’ नावाचं फोल्डर होतं आणि त्यात कंपनी खात्याची, बँकेची, ऑडिटरची न उघडलेली पत्रं साठली होती. शेवटच्या दोन महिन्यांचे पगार त्याने स्वतःच्या पीएफमधून आणि सासऱ्यांकडून घेऊन दिले होते. ऑडिटरची फी तेवढी राहिली, म्हणून त्यांना फोन करायची लाज वाटत होती. ती लाज दोन वर्षं वाढत गेली आणि ते फोल्डरही. माणूस हुशार होता आणि कामगारांचा एक रुपयाही त्याने ठेवला नव्हता. कुठल्याही अर्जात, कुठल्याही पिचमध्ये हे त्याने सांगितलं नसतं, कारण तिथे विचारतात ते ‘आधीच्या कंपनीतून काय शिकलात’.

सीएस सरांनी त्याच्याच फोनवरून त्या ऑडिटरना फोन लावला. पलीकडून आवाज आला, “फीचं नंतर बघू रे, आधी ट्रायल बॅलन्स पाठव.” मग दोघं डोकं खाली घालून एकेक मेल उघडत बसले. डिजिटल सहीची मुदत संपली होती, तिचा अर्ज तिथेच भरला. दोन तासांचे चार झाले आणि चहा दोनदा आला. विलंब शुल्क कार्यक्रमाच्या पैशातून घ्यायचं नाही, हे त्यानेच आधी सांगून टाकलं. आम्ही फक्त सीएस सरांचा वेळ दिला.

संध्याकाळी निधीवाल्या कंपनीचे प्रतिनिधी मागे थांबले. दिवसभर ते फारसे बोलले नव्हते. म्हणाले, “मॅडम, आज जे झालं ते मला पटलं. पण कमिटीला हे मी कुठल्या रकान्यात दाखवू? माझ्याकडे सत्रांची संख्या आणि हजेरी असे दोनच रकाने आहेत.” त्यांची अडचण खरी होती. सीएसआरचा पैसा आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. प्रकल्प ‘चालू’ म्हणून नोंदलेला असेल तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात जाते आणि पुढच्या तीन वर्षांत खर्च करता येते. तशी नोंद नसेल तर मार्चमध्ये घाईघाईने कार्यशाळा भरवून पैसे संपवले जातात. लवचीक कार्यक्रम बहुतेक वेळा इथेच मरतो असं मला वाटतं, फाउंडरांपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी.

त्याच टेबलावर आम्ही मसुदा लिहिला. प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजुरीला मांडायचा. प्रत्येक फाउंडरच्या नावे ठरावीक पैसे आणि तज्ज्ञांचे तास. अडलेली गोष्ट त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायची, दर सहा आठवड्यांनी ती सुटली की नाही ते बघायचं, हवं तर बदलायची. मधेच थांबायची मुभा, कारण न विचारता. हजेरीच्या जागी एकच रकाना: अडलेलं सुटलं का? कमिटीने एका अटीवर होकार दिला, की वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाने हे तपासावं. अट योग्यच आहे.

तिसऱ्याच्या त्या चार फॉर्मांचं काम सप्टेंबरात उरकलं आणि तिसऱ्या वर्षाचे वेळेत गेले. नवी कंपनी त्याच्या स्वतःच्या नावाने उभी राहिली. आमच्या अर्जात आता पहिल्या पानावर जुन्या कंपनीची चौकशी असते: शेवटचं रिटर्न कुठल्या वर्षाचं, डिजिटल सही चालू आहे का, कुठल्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली आहे का. सीएस सर आठवड्यातून एक दुपार दार लावून बसतात आणि त्यांच्याकडे कोण आलं याची नोंद ठेवली जात नाही.

आता मागणी येतेय की पहिल्यांदा कंपनी काढणाऱ्यांनाही हीच मोकळीक द्यावी. मी तयार नाही. काय अडलंय हे त्यांना अजून ओळखता येत नाही, आणि दर आठवड्याला कोणीतरी विचारणारं असावं लागतं. त्यांचं सोमवार ते शुक्रवारचं वेळापत्रक मी तसंच ठेवलंय. बदल एवढाच, की कंपनी कायद्याची मुदत आणि वार्षिक विवरणं हा तास मी शेवटच्या आठवड्यातून उचलून पहिल्या आठवड्यात आणलाय.