बट झाकून क्यू पाहायचा

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून गाडीत बसलं की दोनेक तासांत शेफिल्ड येतं. १९७७ पासून स्नूकरची जागतिक स्पर्धा याच शहरातल्या क्रूसिबल नाट्यगृहात होते. सामन्यांचे तीन दिवस छान गेले, खुर्च्या अडचणीच्या होत्या, पाय लांब करायला जागा नव्हती. ते सगळं एवढ्यावरच सोडतो. लिहायचंय ते चौथ्या दिवसाबद्दल, शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडबद्दल. तिथे हाताने क्यू, म्हणजे स्नूकरचा चेंडू मारायच्या लाकडी काठ्या, बनवतात.

शेडमध्ये आणखी चारपाच जण क्यू पाहायला आलेले. भिंतीवरच्या एका क्यूपाशी सगळे थबकले. काळ्याभोर आबनुसाचं बट (हातात धरायचं जाड टोक), त्यावर हिरव्या, पिवळ्या, तांबड्या पातळ पट्ट्यांच्या कमानी, मधे कोरलेली नावाची पट्टी. म्हाताऱ्या कारागिरांनी खांद्यावरचं फडकं काढलं, बटाभोवती गुंडाळलं आणि क्यू पुढे केला. "आता बघा. हा भाग चेंडूला लागतो." फडक्याच्या पुढे उरला होता तो अॅश या झाडाच्या लाकडाचा साधा, फिकट दांडा. त्यातलं काय पाहायचं हे एकालाही सांगता येईना. हाताने केलेल्या क्यूसाठी माणसं भरपूर पैसे मोजतात आणि निवड मात्र मुठीत झाकल्या जाणाऱ्या टोकावरून करतात, हे मला मनापासून खटकतं. म्हणून त्या फडक्यापुढचं आधी लिहितो.

अॅशच्या दांड्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर बाणाच्या टोकांसारखी नक्षी दिसते, उरलेल्या दोन बाजूंवर सरळ रेषा. झाडाची वर्षवलयं निमुळत्या दांड्यात तिरकी कापली गेल्यामुळे हे बाण उमटतात. ते बाजूच्या मध्यावर, एका ओळीत, टिपेपासून, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकापासून, बटापर्यंत जायला हवेत. मधेच ओळ कडेला सरकली, तर लाकडाचा धागा दांड्याच्या लांबीने न जाता बाहेर पडतोय असं समजायचं. असा दांडा नेमका तिथेच वाकतो, आणि मोडला तर त्याच तिरक्या रेषेत मोडतो. बाण आठ आहेत की बारा, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला तरी ती निव्वळ आवडीची गोष्ट वाटते. सरळ रेषांच्या बाजू मात्र नख फिरवत शेवटपर्यंत पाहाव्यात.

दुसरा गैरसमज वलयांच्या दाटीबद्दल. दाट वलयं म्हणजे कणखर लाकूड, असं पुष्कळांना वाटतं. अॅशमध्ये ते उलट आहे. या झाडात दर वसंतात मोठ्या छिद्रांचा पोकळसर थर आधी येतो आणि मग उन्हाळ्यातला घट्ट थर. झाड फार हळू वाढलं तर पोकळ थर तेवढाच राहतो आणि घट्ट थर बारीक होतो. लाकूड हलकं आणि ठिसूळ निघतं. म्हणून मध्यम अंतराची, एकसारखी वलयं चांगली. मेपल या क्यूच्या दुसऱ्या लाकडात छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली असतात, त्यामुळे दांडा गुळगुळीत लागतो, पण बाण जेमतेम दिसतात. तिथे खिडकीच्या उजेडात क्यू तिरपा धरून धागा शोधावा लागतो.

चांगला अॅश मिळणंही आता सोपं राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये अॅशची झाडं वाळवणारा बुरशीचा रोग २०१२ मध्ये सापडला. अमेरिकेत हिरवा भुंगेरा २००२ पासून अॅशची जंगलं पोखरतोय. शेडच्या माळ्यावर चौकोनी काठ्यांच्या मोळ्या रचलेल्या होत्या. लेथवर थोडं उतरवायचं, काही महिने टांगून ठेवायचं, पुन्हा थोडं उतरवायचं. प्रत्येक कापाबरोबर लाकडातला ताण सुटतो आणि काठी हलते. जी हलायची ती क्यू होण्याआधीच हलली पाहिजे. घाई केलेला क्यू गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन वाकतो. वाकलेल्या काठ्यांचा कोपऱ्यातला ढीग चांगल्यांपेक्षा मोठा होता.

सरळपणा पाहायला बहुतेक जण क्यू टेबलावर लोळवतात. हाताने रंधलेला दांडा कुठे केसभर लंबगोल असू शकतो. तो सरळ असूनही लोळताना थरथरतो. बट डोळ्याशी धरावं, टोक उजेडाच्या खिडकीकडे करावं आणि क्यू सावकाश फिरवत दांड्याच्या कडेवरून नजर टाकावी. खरा बाक असेल तर फिरवताना तो एकदा वर, एकदा खाली दिसतो. टोकाकडच्या शेवटच्या फूटभरातला बाक सर्वांत वाईट, कारण तो नेम धरताना डोळ्यासमोरच येतो. मग क्यू समतोलाच्या जागी दोन बोटांत सैल धरून दांड्यावर टिचकी मारायची. आवाज स्वच्छ यावा. झणझण आली तर पितळी फेरूल (टिपेखालची कडी), जॉइंट (क्यूचे दोन भाग जोडायची जागा) किंवा बटातलं शिसं, काहीतरी सुटलेलं आहे.

आता फडकं काढू. रंधा चालताना पाहणं हा त्या दिवसाचा सर्वांत सुंदर भाग होता. अॅशच्या काठीच्या जाड टोकाला चार बाजूंनी निमुळत्या सपाट उतरणी रंधतात. आधी समोरासमोरच्या दोन उतरणींवर आबनुसाच्या फळ्या डिंकाने चिकटवून शिकंज्यात आवळतात आणि रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्या सपाट करून उरलेल्या दोन. मग चौकोनाचे आठ कोन, आठाचे सोळा, आणि शेवटी गोल. सपाट फळी गोल पृष्ठभागाला मिळते तिथे आपोआप कमान उमटते. म्हणून हाताने सांधलेल्या स्नूकर क्यूच्या बटावर गोलसर कमानी असतात, आणि यंत्राने व्ही आकाराची खाच कापून सांधलेल्यावर टोकदार भाले. कमानी चारही एका उंचीच्या आहेत का, ते पाहायचं. एक वर, एक खाली असेल तर उतरणी असमान रंधल्या किंवा क्यू मध्यावरून ढळला.

पुढच्या टेबलावर दुरुस्तीला आलेले पूल या स्नूकरसारख्याच खेळाचे दोन अमेरिकन क्यू होते, आणि तिथे हा नियम बरोबर उलटा होतो. अमेरिकन परंपरेत टोकदार, सुईसारखी टोकंच कारागिरीची खूण. पूर्ण सांध्यात पुढचं मेपल आणि मागचं गडद लाकूड एकमेकांत बोटांसारखी गुंततात. अर्ध्या सांध्यात पुढच्या लाकडात व्ही खाचा पाडून त्यात पट्ट्या बसवतात. ब्रुकलिनमध्ये क्यू बनवणारे जॉर्ज बालाबुश्का (१९१२ ते १९७५) ब्रन्सविक कंपनीच्या पूर्ण सांध्याच्या तयार ठोकळ्यांपासून क्यू घडवत. त्यांच्या नावाला आज एवढी किंमत आहे की बनावट क्यूही फिरतात, तेव्हा सहीपेक्षा क्यूच्या मालकीची कागदपत्रं आधी मागावीत. पूलचा चेंडू ५७ मिलिमीटरचा आणि जड, म्हणून टिप १३ मिलिमीटरच्या आसपास. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा, म्हणून टिप ९ ते १०. एका खेळाचे निकष दुसऱ्याच्या क्यूला लावले की चांगली वस्तू हातची जाते.

परतताना जुन्या वस्तूंच्या बाजारात एका विक्रेत्याने नामांकित जुन्या कंपनीचा बिल्ला असलेला क्यू "हाताने सांधलेला" म्हणून दाखवला. भाले टोकदार, बिल्ल्याचे खिळे नवे, आणि बट काळं दिसत असलं तरी तळाच्या भोकात लाकूड फिकट! रंगवलेलं लाकूड आबनूस म्हणून खपवणं जुनंच आहे. तळाचं भोक आणि जॉइंटची तोंडं याच दोन जागी ते उघडं पडतं. त्याहून स्वस्त फसवणूक म्हणजे छापील कमानी. खऱ्या सांध्यात अॅशच्या रेषा आबनुसाखाली गडप होतात, छापील कमानीत त्याच रेषा रंगातूनही पुढे जाताना दिसतात.

जुन्या क्यूची किंमत ठरवताना मी या क्रमाने जातो. लांबी मूळची आहे का? बहुतेक स्नूकर क्यू ५७-५८ इंचांचे. नियमाने किमान ३ फूट लागतात. फेरूल फार आखूड असेल तर प्रत्येक टिप बदलताना ते घासलं गेलंय. दांडा चकचकीत करण्यासाठी कागदाने घासून बारीक केला असेल तर तो लवचीक झालेला असतो, आणि ते लाकूड परत येत नाही. अखंड क्यू नंतर कापून जॉइंट बसवला असेल तर दोन्ही बाजूंच्या रेषा जुळल्या पाहिजेत; जुळत नसतील तर दांडा दुसऱ्याच क्यूचा. वजन १७ ते १९ औंस आणि समतोल बटापासून १६ ते १८ इंचांवर असेल तर बहुतेकांच्या हाताला बसतो. वजन मात्र बदलता येतं, धागा बदलता येत नाही.

स्नूकरपटू स्टीफन हेंड्री यांनी सात जागतिक विजेतेपदं मिळवली ती चाळीस पौंडांच्या क्यूवर. २००३ मध्ये विमानप्रवासात तो मोडला. बऱ्याच ठिकाणी विमानात क्यू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, तो सामानातच जातो. म्हणून कठीण नळीची पेटी, दोन्ही टोकांना फोम, आणि आत क्यू जरासुद्धा हलता कामा नये. पाऊण जॉइंटच्या, म्हणजे मध्याऐवजी बटाकडे जोड असलेल्या, क्यूची पेटी लांब असते, ती मोठ्या आकाराच्या सामानात जाते आणि पट्ट्यावर वेगळ्या जागी येते.

लाकडाचाही कायदा आहे. शिसवीचं सगळं कूळ, म्हणजे डाल्बर्जिया, २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या परवान्याखाली आहे. स्वतःचा क्यू बरोबर नेणाऱ्याला अडचण येत नाही, कारण तयार वस्तूंना दहा किलो लाकडापर्यंत सूट आहे. ब्राझिलियन रोझवुड मात्र १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि ते जुन्या अमेरिकन क्यूमध्ये सापडू शकतं. हस्तिदंती फेरूल असलेला क्यू सीमेपार नेण्याच्या फंदात पडूच नये.

क्यू घरी पोहोचला की पेटी उघडायची नाही. एक दिवस खोलीतच बंद राहू द्यावी. मग क्यू बाहेर काढून खिडकीकडे टोक करून पुन्हा एकदा कडेवरून पाहावं, जवसाच्या तेलाचा हलका हात द्यावा, आणि भिंतीला टेकवून कधीच ठेवू नये.