नाशिकला वाइनसाठी येताय? आधी महिना ठरवा

"दोन दिवस नाशिकला येतोय. वाइनरी बघायचीय, आणखी काय करू?" मुंबई-पुण्याहून येणारे जवळपास सगळेच हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: कुठे जायचं ते नंतर, आधी कधी यायचं ते ठरवा.

जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत या, तेव्हा द्राक्षांची तोडणी चालू असते. युरोपात कडाक्याच्या थंडीत द्राक्षवेल झोपी जाते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडी नाही, म्हणून तिचं वर्ष कात्रीने ठरवावं लागतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, त्यातून पुढच्या घडांसाठी काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळासाठी. मग कोरडी हवा आणि गार रात्री मिळाल्या की माल सावकाश पिकतो, आंबटपणाही टिकून राहतो. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा परिसर फार देखणा दिसतो, पण वेलीवर एक घड नसतो.

तोडणीच्या दिवसांत बागेत गेलात तर घडाला हात लावण्याआधी विचारा, फवारणी झालेली असू शकते. परवानगी मिळाली तर शिराझचा, म्हणजे रेड वाइनच्या काळ्या द्राक्षाचा, एक मणी घ्या. खायच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचा, आत बिया. बोटांत दाबा: रस जवळजवळ रंगहीन निघतो. आता नुसती साल चोळा, बोटं जांभळी होतात. रेड वाइन सालीसकट का आंबवतात आणि व्हाइटसाठी रस आधीच वेगळा का काढतात, ते तिथेच उमगतं. बी चावून बघा. हिरवट आणि तुरट लागली तर माल अजून कच्चा; तपकिरी, कुरकुरीत असेल तर तोडणी जवळ आली.

टेस्टिंग मधल्या वारी आणि दुपारच्या जेवणाआधी करा. शनिवार-रविवारी समजावून सांगणाऱ्याला उसंतच नसते. आधी स्पार्कलिंग, मग व्हाइट, रोझे, रेड, गोड वाइन सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला तर हलक्या वाइन पाणचट लागतात. मिसळ जरूर खा, पण टेस्टिंगच्या दिवशी नाश्त्याला नको. तिखटाने जीभ बधिर झाली की शेनिन ब्लाँ या व्हाइट वाइनचा नाजूक वास-चव हाती लागत नाही. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली, १६-१८ अंशांची. मार्चातल्या दुपारी ग्लास कोमट लागला तर बाटली पंधरा मिनिटं बर्फात ठेवायला सांगा, नाहीतर नाकात नुसता अल्कोहोल शिरतो. वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, आणि गाडीला न पिणारा चालक हवाच.

दुसरी सकाळ पांडवलेण्यांना द्या, ऊन चढायच्या आत. लेणी २४ आहेत; वेळ कमी असेल तर ३, १० आणि १८ क्रमांकाची बघा. तिसऱ्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन कोरलंय: ज्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्याले. दहावं लेणं त्याने हरवलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या काळातलं, नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाचं. इथे थोडं थांबा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तीत वाइन येते, इटलीची सर्वांत पसंतीची. तिथल्या ज्या राजाचं नाव त्यात आहे, तो नहपानच असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे वाइनरीतून थेट या लेण्यात येणं वाटतं तितकं विजोड नाही.

उरलेल्या वेळात सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर बघा. मधलं मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान, असं यादवकालीन पंचायतन. शिखर तिरप्या उन्हात उजळतं, म्हणून संध्याकाळी जा. पक्षी आवडत असतील तर निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर, तिथे मात्र पहाटेच पोहोचा.

घेतलेल्या बाटल्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकतं आणि चव शिजल्यासारखी होते. सीटखाली सावलीत, ओलसर टॉवेलात गुंडाळून न्या. परतीची वाट सापुताऱ्यावरून असेल तर बाटली घेऊच नका. हद्द ओलांडली की गुजरातची दारूबंदी लागू होते.