बिरची नोंद लिहून झाली: ऑफली काउंटीतला मुक्काम लांबला

आयरिश गावांच्या नोंदींचं काम आता शॅनन नदीकाठी, ऑफली काउंटीपर्यंत येऊन पोचलंय. वाटेतल्या ॲथलोन आणि क्लॉनमॅकनॉइज या दोन नोंदी भरभर झाल्या. ॲथलोन म्हणजे शॅननचा जुना उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, तो राखायला १२१० चा किल्ला, आणि त्याच उतारासाठी १६९० व १६९१ मध्ये पडलेले वेढे. क्लॉनमॅकनॉइजचा मठ सहाव्या शतकातला. हिमयुगात साठलेल्या वाळू-गोट्यांचा लांबलचक उंचवटा शॅननला जिथे भिडतो, तिथे तो वसला. आजूबाजूला सगळी दलदल, त्यामुळे पूर्व-पश्चिम वाट त्या कोरड्या उंचवट्यावरूनच जायची. वाट आणि नदी जिथे एकमेकींना छेदतात तिथे मठ, हे एकदा मांडलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

बिरपाशी मात्र मी रेंगाळलो, आणि गाव आहेच तसं.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी आधी कामाची रीत सांगतो. आयर्लंडमध्ये जमिनीचा सगळ्यात लहान जुना घटक म्हणजे टाउनलँड. आपल्या सातबाऱ्यावर ‘मौजे’ असतं, साधारण तसंच. संपूर्ण बेटावर अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. स्थानिक कर सगळीकडे सारख्या न्यायाने बसावा म्हणून त्यांच्या हद्दी नीट मोजायचं ठरलं आणि १८२४ मध्ये कर्नल थॉमस कोल्बीच्या हाताखाली मोजणी सुरू झाली. १८४६ पर्यंत सगळं बेट मैलाला सहा इंच या मापाने कागदावर उतरलं. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या मोठ्या दुष्काळाच्या तोंडावरचं आयर्लंड त्या नकाशांत शेत-बांधासकट टिकून आहे. १८४१ च्या जनगणनेत ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. त्यामुळे हा पहिला नकाशा आणि त्यानंतरचा मैलाला पंचवीस इंचांचा नकाशा शेजारी-शेजारी ठेवले की कुठल्या वाड्या पुसल्या गेल्या हे डोळ्यांना दिसतं. माझी प्रत्येक नोंद इथूनच सुरू होते. आधी पाणी, मग कोरडी जमीन, मग हद्दी, आणि माणसं त्यानंतर. राजेराजवाड्यांपासून सुरुवात केली की गाव तिथेच का वसलं हे शेवटपर्यंत कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कोल्बीच्या मोजणीचा एक धागा आपल्याकडेही येतो. लांबीच्या मूळ रेषा मोजायला त्याने पितळ आणि लोखंड एकत्र जोडून अशा पट्ट्या बनवल्या होत्या की ऊन-थंडीने माप बदलत नसे. जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये आयर्लंडला जाऊन ते काम पाहून आला आणि भारतात परतताना तशीच साधनं घेऊन आला. त्याच्या आधी आपल्याकडची मोजणी चालवणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये विदर्भात, हिंगणघाटला वारला. दोन्ही देशांचे नकाशे एका कुळातले आहेत, हे हातात नकाशा असताना सतत जाणवतं.

आता बिर. स्लीव्ह ब्लूम डोंगरातून उतरणारी कॅमकोर नदी लिटल ब्रॉस्नाला मिळते त्या संगमावर हे गाव आहे. पुढे लिटल ब्रॉस्ना शॅननला जाते. वाटेतल्या सखल कुरणांत हिवाळ्यात पाणी पसरतं आणि पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. भोवताली बॉग, म्हणजे हजारो वर्षं न कुजता साठलेल्या शेवाळ-गवताचे काळे थर. संगमालगतची कोरडी जागा मठाने आधी हेरली, मग ओ’कॅरल सरदारांनी, आणि १६२० मध्ये ती इंग्लंडच्या राजाने लॉरेन्स पार्सन्सला दिली. त्याच घराण्याकडे आजही बिरचा किल्ला आहे. जुने कागद धुंडाळताना बिरचं जुनं नाव ‘पार्सन्सटाउन’ आणि ऑफलीचं जुनं नाव ‘किंग्ज काउंटी’ हीही शोधायला हवीत, नाहीतर अर्धं गाव हाती लागत नाही.

मठाच्या काळातली एक गोष्ट मला या गावाचा सगळ्यात मोठा मान वाटते. ६९७ मध्ये इथे भरलेल्या सभेत स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठाचा प्रमुख अडॉमनान याने एक कायदा मंजूर करून घेतला: लढाईत बायका, मुलं आणि धर्मसेवक यांना हात लावायचा नाही, लावला तर दंड. निरनिराळ्या राजांनी आणि मठाधिपतींनी त्याची हमी घेतली होती. युद्धात न लढणाऱ्यांना वाचवण्यासाठी केलेल्या युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी तो एक.

आज दिसणारी गावाची मांडणी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली. किल्ल्याच्या दारातून ऑक्समनटाउन मॉल हा रस्ता सरळ चर्चकडे जातो. एका बाजूला सारख्या उंचीची घरं, दुसऱ्या बाजूला झाडं. नकाशावर बोट ठेवलं तरी कळतं की ही रेघ जमीनदाराने आखलीय. आत बाजारचौकात १७४७ चा एक दगडी खांब उभा आहे. स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईत जिंकलेल्या ड्यूक ऑफ कंबरलंडचा पुतळा त्यावर होता. तो १९१५ मध्ये उतरवला, खांब मात्र तसाच राहिला. चौकाचं नाव आता एमेट स्क्वेअर, म्हणजे १८०३ च्या उठावात फासावर गेलेल्या रॉबर्ट एमेटचं.

किल्ल्याच्या बागेतली दुर्बीण बहुतेकांना ठाऊक असते. तिसरा अर्ल ऑफ रॉस, विल्यम पार्सन्स याने ती १८४५ मध्ये उभी केली. आरसा ७२ इंचांचा, म्हणजे १.८३ मीटर रुंद. १९१७ पर्यंत जगात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. १८४५ मध्येच त्याने एम-५१ या, तेव्हा तेजोमेघ समजल्या जाणाऱ्या दीर्घिकेचा भोवऱ्यासारखा आकार पाहिला आणि कागदावर उतरवला. नोंदीसाठी मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच: तांबं आणि कथील ओतून केलेला सुमारे तीन टनांचा हा आरसा बिरमध्येच, इस्टेटीवरच्या माणसांच्या हातून घडला, आणि भट्ट्यांना जळण होतं टर्फ, म्हणजे त्याच बॉगमधून कापून वाळवलेल्या काळ्या विटा. दुर्बीण या मातीतूनच निघाली, म्हणून ती भूगोलाच्या परिच्छेदात घेतलीय. उभी झाली आणि लगोलग बटाट्यावर रोग आला. अर्लची पुढची वर्षं दुष्काळाच्या मदतकार्यात गेली आणि निरीक्षणं मागे पडली.

याच घराण्याशी नात्याने जोडलेली मेरी वॉर्ड सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गोष्टी रेखाटायची आणि त्यावर लिहायची. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी गावातल्या एका वळणावर ती वाफेच्या गाडीतून पडली आणि चाकाखाली आली. मोटारगाडीने झालेला नोंदला गेलेला हा पहिला मृत्यू मानतात.

दोनेक किलोमीटरवरचं क्रिंकिल स्वतंत्र नोंदीत टाकावं की बिरमध्येच, यावर बराच विचार केला आणि बिरमध्येच ठेवलं. तिथली बराक १८०९ ते १८१२ दरम्यानची. फ्रेंच फौज पश्चिम किनाऱ्यावर उतरून शॅनन ओलांडेल या धास्तीपोटी बॅनाहर आणि शॅननब्रिजला तोफांची ठाणी झाली, तो हाच काळ. १८८१ मध्ये दोन पलटणी एकत्र करून लेन्स्टर रेजिमेंट झाली आणि तिचं ठाणं इथे आलं. त्यातली एक पलटण होती १०९ वी, बॉम्बे इन्फंट्री. ती मुळात कंपनीची थर्ड बॉम्बे युरोपियन, १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशीवर चढाई करणाऱ्या सर ह्यू रोजच्या फौजेतली. १९२२ मध्ये रेजिमेंट मोडली आणि त्याच जुलैत यादवी युद्धात बराक जाळली गेली.

१९२२ च्याच यादवीत डब्लिनचं फोर कोर्ट्स, म्हणजे न्यायालयं आणि सरकारी दफ्तर असलेलं संकुल, पेटलं आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद राख झाले; १८६१ ते १८९१ चे सरकारनेच त्याआधी नष्ट केले होते. त्यामुळे १९२२ पूर्वीच्या घरोघरच्या माहितीसाठी १९०१ आणि १९११ च्याच जनगणना उरतात. दोन्ही ऑनलाइन फुकट पाहता येतात. बराकीतल्या शिपायांची पूर्ण नावं त्यात नसतात, फक्त आद्याक्षरं असतात. पण जन्मस्थानाचा रकाना भरलेला असतो. क्रिंकिलच्या पानांवर भारतात जन्मलेले किती आणि बाहेर राहणाऱ्या शिपायांच्या घरांत तशी मुलं किती, हे मोजायला घेतलंय. ते झालं की बॅनाहर. कुणी कामठी किंवा पुण्याच्या छावणीतल्या आयरिश पलटणींवर काम करत असेल तर जरूर कळवा, याद्या ताडून पाहू.