ट्यूनर राउटरला चालतो, स्विचला नाही

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात टीव्ही तीन आणि छत्री एक. खाली आई-आण्णा, मधल्या मजल्यावर काका-काकू, वर आम्ही. डीडी फ्री डिश तिन्ही मजल्यांना पाहिजे. आण्णांना सह्याद्रीवर सांगितल्याशिवाय बातमी खरी वाटत नाही, आणि दरमहा रिचार्ज मारायचं ही भानगड काकूंना मुळातच मान्य नाही. आता प्रत्येक टीव्हीला वेगळा डबा बसवायचा म्हणजे तीन डबे, तीन रिमोट आणि गच्चीवरून जिन्यात लोंबणाऱ्या तीन काळ्या वायरी. काकांचं मत अजूनही तेच आहे: "मर्दा, सरळ डबं बसवून मोकळा हो की!" पण मी फाउंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. सरळ काम घरी करायला हात वळत नाहीत.

म्हणून सॅट-आयपी ट्यूनर घेतला. हे प्रकरण २०१२ च्या सुमारास एसईएस, बीस्कायबी आणि क्राफ्टवर्क या तीन कंपन्यांनी मिळून आणलं. सॅटेलाइटचा सिग्नल छत्रीपाशीच उतरवून घ्यायचा आणि तिथून पुढे साध्या लॅनवरून घरभर न्यायचा. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. त्यामुळे कोल्हापुरातून छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि मान चांगलीच वर, साठ अंशांच्या आसपास. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग, चार आउटपुटची बसवली. चारही वायरी गच्चीच्या दाराजवळच्या ट्यूनरमध्ये जातात आणि ट्यूनरमधून एकच लॅन केबल खाली येते. मधल्या मजल्यावर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर टीव्हीहेडएंड (ट्यूनरकडून चॅनेल घेऊन घरभर वाटणारा प्रोग्राम) चालतं, आणि प्रत्येक टीव्हीवरच्या कोडी या ॲपमधून चॅनेल लागतात.

ट्यूनरची केबल थेट राउटरला लावली की सगळं झकास. पण राउटरला पोर्ट मोजके आणि तो आमच्या खोलीत. तिन्ही मजल्यांना केबल वाटायची तर मध्ये स्विच, म्हणजे एका केबलच्या अनेक करणारा डबा, हवाच. लक्ष्मीपुरीत एका दुकानात कुठल्याशा बंद झालेल्या ऑफिसातला २४ पोर्टचा मॅनेज्ड, म्हणजे आतली सेटिंग बदलता येणारा, स्विच पडून होता. पंखा जरा घरघरतो, पण भाव बघितल्यावर घेतला. ट्यूनर त्याला लावला आणि टीव्हीहेडएंड म्हणालं, ट्यूनर नाही. परत राउटरला लावला, आहे. स्विचला लावला, नाही.

कंपनीत ऑपरेटर फोन करून "मशीन बंद आहे" एवढंच सांगतो, तेव्हा मी विचारतो: दिवा लागलाय का? डिस्प्लेवर काय आहे? मोटर हमते का? इथंही तोच क्रम धरला. पोर्टचा दिवा लागतोय का, ट्यूनरला नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता मिळालाय का, पिंगला, म्हणजे "आहेस का?" या साध्या हाकेला, उत्तर येतंय का, ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडतंय का, टीव्हीहेडएंडला तो आपोआप सापडतोय का, आणि सापडल्यावर चित्र येतंय का. यातलं कुठलंही एक अडलं तरी घरातले "लागंना" एवढंच म्हणणार. पण प्रत्येक अडण्याचं कारण वेगळ्या गावचं असतं.

दिवा लागत होता. तरी केबलवर पहिला संशय घेणं भाग होतं, कारण ती गल्लीतल्या एका पोरानं क्रिंप केलेली, म्हणजे टोकांना जॅक त्यानं बसवलेले. टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागले. पण टेस्टर फक्त इकडची एक नंबर तार तिकडच्या एक नंबरला पोचते का एवढंच बघतो. १०० एमबीपीएसला १-२ आणि ३-६ या दोन जोड्या लागतात, आणि ३ व ६ नंबरच्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्याच असाव्या लागतात. रंग बघून नुसते १, २, ३, ४ असे सरळ भरले तर टेस्टर खूश, पण ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांत जातात आणि लांब केबलवर डेटा गळायला लागतो. पारदर्शक जॅक उजेडात धरून बघितला. तिसऱ्या जागी पांढरा-हिरवा, सहाव्या जागी हिरवा. पोरानं काम चोख केलेलं.

मग पत्ता. राउटरच्या यादीत ट्यूनरचं नाव नाही. लॅपटॉप स्विचला लावून वायरशार्क (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारा प्रोग्राम) उघडलं, तर ट्यूनर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसलेला. हा पत्ता यंत्र स्वतःच स्वतःला देतं, डीएचसीपीकडे, म्हणजे राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सोयीकडे, मागून कुणी उत्तर दिलं नाही की. राउटर तर जागा होता, मग उत्तर का नाही?

कारण स्पॅनिंग ट्री. मोठ्या ऑफिसात कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये खुपसतो, आणि मग तेच तेच पॅकेट गरगरत राहून सगळं नेटवर्क बसतं. ते टाळायला जुन्या पद्धतीचा स्विच नवीन पोर्टवर लगेच वाहतूक सोडत नाही. पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, मग दार उघडतो. पोर्टचा दिवा मात्र पहिल्या क्षणापासून हिरवा. ट्यूनर तेवढ्या वेळात पत्ता मागून, कंटाळून, स्वतःचा घेऊन मोकळा झालेला. लॅपटॉप पुन्हा पुन्हा मागत राहतो म्हणून त्याला हा त्रास जाणवत नाही. या ट्यूनरच्या फर्मवेअरला तेवढा धीर नाही. स्विचच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टला एज पोर्ट (न थांबता दार उघडणारा) केलं, काही स्विचमध्ये त्यालाच पोर्टफास्ट म्हणतात, आणि ट्यूनरला लगेच पत्ता मिळाला. हे फक्त ज्या पोर्टला टीव्ही, ट्यूनर, प्रिंटर असलं शेवटचं यंत्र आहे तिथंच करायचं. दुसरा स्विच लावलेल्या पोर्टला नाही.

पान उघडलं, सिग्नलचे आकडे दिसले, टीव्हीहेडएंडमध्ये ट्यूनर आला. खालून काकूंचा आवाज, "गावलं का रं?" "गावलं!" आणि थोड्या वेळानं ट्यूनर परत गायब.

खरी मजा इथं होती. गायब झाल्यावरही पिंग चालू, पान उघडतंय, सिग्नल ठणठणीत. ट्यूनर रीस्टार्ट केला की पुन्हा दिसायचा. टीव्हीहेडएंडही रीस्टार्ट करत घड्याळ लावून बसलो, तर चार मिनिटं आणि वर काही सेकंद एवढं त्याचं आयुष्य. दरवेळी तेवढंच. केबल ढिली असती किंवा ॲडॅप्टर तापत असता तर वेळ इतकी नेमकी आली नसती. नेमकी वेळ म्हणजे कुठंतरी टायमर आहे.

ट्यूनर आणि टीव्हीहेडएंड एकमेकांना शोधतात ते एसएसडीपी नावाच्या पद्धतीनं. शोधणारा २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट पत्त्यावर (एका अख्ख्या गटाचा मिळून एक पत्ता), १९०० नंबरच्या पोर्टला, हाक मारतो. घरातलं जे यंत्र त्या गटाचं सभासद आहे त्यानं ओ द्यायची. साधा स्विच ही हाक सगळ्या पोर्टवर सोडून देतो. आमच्या स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू होतं. म्हणजे कुठल्या पोर्टवरून कुणी सभासदत्व मागितलं ते तो टिपून ठेवतो आणि हाक फक्त तिथंच पाठवतो. चांगली सोय आहे. पण सभासद अजून हजर आहेत का, हे मधूनमधून विचारणारा कुणीतरी नेटवर्कवर लागतो. त्याला क्वेरिअर म्हणतात. ऑफिसात ते काम बहुधा मोठा राउटर करत असणार. आमच्या घरच्या राउटरला ते येत नाही. विचारणाराच नाही, म्हणून ट्यूनर पुन्हा "मी आहे" म्हणत नाही, आणि ठरावीक वेळानं स्विच त्याचं नाव खोडतो. ठरावीक वेळ किती? दर १२५ सेकंदांनी विचारायचं, अशा दोन फेऱ्या धरायच्या, वर उत्तराला १० सेकंद. २६० सेकंद. चार मिनिटं वीस सेकंद.

हा आकडा कागदावर मांडल्यावर जे बरं वाटलं ते काकांना समजावून सांगता आलं नाही.

तरी खात्री करून घेतली. मॅनेज्ड स्विचचा हा एक मोठा फायदा, एका पोर्टवरची वाहतूक दुसऱ्या पोर्टवर आरशासारखी बघता येते. ट्यूनरच्या पोर्टचा आरसा लॅपटॉपवर घेतला. रास्पबेरी पाय हाका मारत होता. रीस्टार्टनंतर त्या हाका ट्यूनरच्या पोर्टवर येताना दिसत होत्या आणि २६० सेकंदांनंतर बंद. उलट बाजूनंही तपासलं: टीव्हीहेडएंडला ट्यूनरच्या माहितीच्या (एक्सएमएल) पानाचा पत्ता हातानं दिला, तर शोधाशोध न करता सह्याद्री लागलं आणि लागलेलंच राहिलं. कारण चित्र मल्टिकास्टवरून येतच नाही. आमच्याकडे ते ट्यूनरकडून थेट पायकडे जातं, आणि स्नूपिंगचा त्याच्याशी संबंध नाही.

उपाय तीन होते. पत्ता हातानं देऊन सोडून द्यायचं, स्नूपिंगच बंद करायचं, किंवा स्विचलाच क्वेरिअर करायचं. मी तिसरा केला, कारण सेटिंगमध्ये एका टिचकीचं काम होतं आणि उद्या मल्टिकास्टवर चालणारं आणखी काही घरात आलं तरी ते वायफायवर उधळणार नाही. पण ज्याच्या घरात फक्त असा ट्यूनर आहे त्यानं स्नूपिंग बंद केलं तरी काही बिघडत नाही. आणि ज्याला आत्ता स्विच विकतच घ्यायचा आहे त्यानं पाच-आठ पोर्टचा साधा, विनासेटिंगचा घ्यावा. त्यात यातलं बहुतेक काही उद्भवतच नाही. मॅनेज्ड घेतलाच तर बदल केल्यावर सेव्हचं बटण वेगळं दाबायचं असतं का ते बघा. बऱ्याच स्विचमध्ये ते वेगळं असतं, आणि नाही दाबलं तर पहिल्या लाइट जाण्याला सगळं परत मूळपदावर.

आता तिन्ही मजल्यांवर टीव्ही लागतो. जुलैत पाऊस धो धो कोसळायला लागला की मात्र चित्राचे चौकोन होतात, कारण फ्री डिशचा केयू बँड जोराच्या पावसात दबतो. ट्यूनरच्या पानावर सिग्नलचा आकडा उतरताना दिसतो, ढग सरकले की आपोआप वर येतो. काकू तेव्हाही जिन्यातून ओरडतात, "तुझा तो स्विच बघ जरा!"