कसली मोजणी?

सायकल रेलिंगला मीच टेकवली होती, हे आधीच सांगून टाकतो. तवसाळहून जयगडला येणारी फेरीबोट धक्क्याला लागताना नेहमीसारखा हिसका बसला आणि डॉक्टरबाईंची सायकल उजव्या अंगावर आडवी झाली. मी उचलली, कुठे रंग गेलाय का बघितलं आणि म्हणालो, "काही नाही झालं." उजव्या अंगावर पडलेल्या सायकलचा मागचा हँगर, म्हणजे गिअरचा भाग जिथे लटकतो तो तुकडा, आधी बघायचा, हे दुकानातल्या पोराला मी शंभरदा सांगितलंय. स्वतः मात्र बघितला नाही. फेरीतून गाड्या उतरायची घाई होती, मागचा टेम्पोवाला हॉर्न मारत होता. कारणं काय, शोधली की सापडतात.

रत्नागिरीत माझं सायकलचं दुकान आहे. थंडीच्या मोसमात पुण्या-मुंबईकडचे सायकलवाले किनाऱ्याने दक्षिणेकडे जातात. त्यांच्या मागे मी गाडी घेऊन असतो. पाणी, केळी, ट्यूब, चेन सगळं माझ्याकडे, आणि कोणाचे पाय बोलले तर मागची सीट. त्या फेब्रुवारीत सहा जण होते. सगळे जुलैमध्ये आल्प्सला निघालेले. तिकडचे उंच घाट हिवाळाभर बर्फाखाली बंद असतात, मे-जूनकडे उघडतात. नेमका तेव्हा आमच्याकडे पाऊस लागतो आणि रस्त्यांवर शेवाळ धरतं. म्हणजे तयारी करायची ती थंडीत, नाहीतर उन्हाच्या तडाख्यात. आमच्या वाट्याला उन्हाचा तडाखा आला.

डॉक्टरबाई पन्नाशी उलटलेल्या, भूलतज्ज्ञ. बोलणं कमी. आदल्या रात्री गुहागरला जेवताना मात्र त्यांनी स्टेल्व्हिओबद्दल सांगितलं. इटलीतला हा घाट २७५७ मीटरवर आहे. १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने तो बांधला. प्राटो गावातून चढायला लागलं की चोवीस-एक किलोमीटरमध्ये साधारण १८०० मीटर चढायचं. वाटेत ४८ हेअरपिन वळणं, आणि प्रत्येक वळणावर नंबर. तो खालून ४८ पासून सुरू होऊन वर १ वर संपतो. झाडं संपली की वरची उरलेली सगळी वळणं एकदम समोर दिसतात, भिंतीवर दोरी टाकल्यासारखी. आदल्या वर्षी बाई चौदाव्या वळणावर उतरल्या आणि परत फिरल्या. वर हवा विरळ असते, समुद्रकाठच्या पाऊणपटही नसते, वगैरे त्या म्हणाल्या. मग ताटातल्या सोलकढीकडे बघत म्हणाल्या, "हवेचं काही नव्हतं हो. दिसत होतं ना सगळं, तेच नको होतं."

मला त्यातलं एवढंच कळलं की घोड्यांच्या गाड्या चढतील असा तो रस्ता बेतलेला, म्हणून चढ लांब असला तरी एकसारखा आहे. आमच्याकडे उलट. कितीतरी घाट्या जुन्या पाखाड्यांवरच, म्हणजे दगडी पायवाटांवर, डांबर ओतून झाल्यात असं मला नेहमी वाटतं. खाडीतून उठायचं ते थेट सड्यावर. सड्यावर दोन किलोमीटर कातळ आणि वारा, की पुन्हा खाली खाडी. उंची कुठेच दीड-दोनशे मीटरच्या फार वर जात नाही, पण संध्याकाळी यांच्या हँडलवरचं मीटर बघावं तर दिवसाची चढाई हजाराच्या पुढे गेलेली असते. घामही वाळत नाही. पाट्या तर नाहीतच. फ्रान्समध्ये म्हणे घाटात दर किलोमीटरला दगड असतो, त्यावर माथा किती लांब आणि पुढच्या किलोमीटरला चढ किती टक्के, सगळं लिहिलेलं. आमच्याकडे बांधावरच्या माणसाला विचारायचं. तो म्हणतो, "ही काय, आलीच." ती आलीच कधी अर्ध्या किलोमीटरची असते, कधी तीनाची.

जयगडच्या धक्क्यावरून वर यायचा रस्ता लगेच उभा होतो. मी गाडी घेऊन शेवटी होतो. बाई पुढे, उभ्या राहून मारत होत्या. तिसऱ्या वळणाला त्यांनी मागचं सगळ्यात मोठं चक्र टाकलं आणि कुकरचं झाकण उडावं तसा आवाज झाला.

जाऊन बघतो तर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आऱ्यांमध्ये शिरून वर आलेला, तीन आरे वाकलेले आणि हँगर मधोमध तुटलेला. फेरीत पडल्यावर तो आत वाकला असणार. लहान चक्रांवर कळलं नाही, मोठं चक्र टाकताच डिरेलर आऱ्यांना भिडला. हँगर म्हणजे फ्रेम आणि डिरेलर यांच्यामधला बोटभर अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दाम कच्चा बनवतात. काही तुटायचंच असेल तर तो तुटावा, फ्रेम वाचावी. हिशोब चांगला आहे, पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. माझ्या डब्यात अकरा होते. त्यांचा नव्हता.

"मागे बसा," मी म्हणालो. "रत्नागिरीत बघू."

"एका गिअरवर चालेल का?"

चालतं. पण करणं कटकटीचं. सावलीला सायकल उलटी टाकली, डिरेलर काढून पिशवीत भरला, आरे हाताने जमेल तितके सरळ केले. पुढे ३४ दात्यांचं लहान चक्र ठेवलं. मागे कुठलं घ्यायचं हा प्रश्न. फार लहान घेतलं तर चढवत नाही आणि चेन तिरकी पडते. मोठं घेतलं तर सपाटीला पाय नुसते भिरभिरतात. आधी २१ वर बसवली. चेन कटरने कड्या काढल्या, क्विक लिंक, म्हणजे जोडकडी, लावली, तर चेन लोंबायला लागली. आणखी काढावी तर पोचेना. या फ्रेममध्ये चाक मागेपुढे सरकत नाही, तेव्हा जे दात्यांच्या गणितात बसेल तेच घ्यायचं. २३ वर बसली. अंगठ्याने दाबली तर अर्धं बोट खाली जायची, तेवढं ठीक. नवीन चक्रांना चेन वर चढावी म्हणून खाचा असतात. त्यामुळे जोर दिला की चेन आपोआप २५ वर उडी मारेल आणि ताणून तुटेल, ही भीती होतीच. "झटका देऊ नका, दाबून मारा," एवढंच सांगितलं. तोवर पाऊण तास गेला होता. बाकीचे पाच जण पुढे मालगुंडला पोचून केशवसुतांचं घर बघून आले होते.

बाई गणपतीपुळ्यापर्यंत आल्या. फारसं बोलल्या नाहीत. माझी चूक मी कबूल केली तेव्हा "हं" म्हणाल्या. भूल देणाऱ्यांना इतरांच्या चुका ऐकायची सवय असेल.

खरी अडचण पुढे होती. गणपतीपुळे सोडलं की आरे-वारेपर्यंत समुद्राच्या वरून जाणारा रस्ता. पर्यटक गाड्या थांबवून फोटो काढतात तोच. बघायला सुंदर, पण एका गिअरवर म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. पहिल्याच घाटीला त्या दोनदा उतरल्या. दुसऱ्यांदा उतरल्या ती जागा माथ्यापासून पन्नास पावलांवर होती. वळणामुळे त्यांना दिसलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. रात्रीचं ते "दिसत होतं ना सगळं" डोक्यात होतंच, आणि इथे काहीच दिसत नव्हतं म्हणून त्या उतरल्या होत्या.

ट्यूबवर पंक्चरची खूण करायला गाडीत खडू असतो. वारेची घाटी यायच्या आधी मी पुढे गेलो. माथ्यावर ट्रिप मीटर शून्य केलं आणि गाडी वळवून खाली आलो. दर शंभर मीटरला उतरून डांबरावर हातभर आकडा काढायचा. १००, २००, ३००. एके ठिकाणी चढ संपल्यासारखा वाटतो आणि वळल्यावर पुन्हा उठतो. तिथे लिहिलं, 'फसू नका'. पायथ्याला ९०० लिहून होईस्तोवर खडू संपला, मग शेवटचं शून्य जांभ्याच्या खड्याने काढलं. ते लाल आलं.

बाई आल्या. आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि थांबल्या नाहीत. मी गाडी मागे ठेवून पहिल्या गिअरमध्ये चालवत होतो. पायडल इतकं सावकाश फिरत होतं की प्रत्येक फेरी आता वर अडकते की काय असं वाटे. ५०० ला सायकल नागमोडी व्हायला लागली. 'फसू नका'वर त्यांनी काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. ते बरंच झालं असावं. २०० नंतर मान वर आली. माथ्यावर पाय टेकला तेव्हा हँडलवर डोकं ठेवून मिनिटभर तशाच उभ्या राहिल्या. खाली समुद्र होता, बघितला नाही कोणीच.

"पाचशेपर्यंत तुम्हाला शिव्या घालत होते," त्या म्हणाल्या. "नंतर बरं वाटलं."

"स्टेल्व्हिओला कोण लिहिणार?"

"तिथे लिहिलेलेच आहेत हो." आणि हसल्या, दिवसभरात पहिल्यांदा.

रात्री दुकानात त्यांच्या फ्रेमला जुळणारा हँगर कानस लावून बनवला, तो मालवणपर्यंत टिकला. त्याचे पैसे घेतले नाहीत, घ्यायचा प्रश्नच नव्हता.

चार दिवसांनी त्याच रस्त्याने परत येत होतो. घाटीच्या मध्यावर एक म्हातारबुवा हात करून गाडी थांबवायला लागले. काखेत छत्री. ती गाडी त्यांनी ओळखली होती. रस्त्यावर ४०० अजून पुसट दिसत होतं.

"तुम्हीच लिहित होतात ना परवा?"

"हो."

"कसली वो मोजणी? सागरी महामार्गाची काय?"

मी म्हटलं, "नाही हो काका, सायकलवाल्यांसाठी लिहिलेलं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग रस्त्याकडे, मग वरच्या अंगाच्या, दगडी गडग्यामागच्या त्यांच्या कलमांकडे. मोहोर गळून बारीक कैऱ्या धरल्या होत्या.

"ते ऱ्हाऊंदे," म्हणाले. "खरं सांगा, चारशे म्हणजे कुठून धरायचे? रस्त्याच्या मधून, का गडग्यापासून?"